बुवांची परवानगी

ल्हासा अप्सो जातीच्या कुत्र्याला हाक मारली की तो लगेच येत नाही. ऐकू आलेलं असतं. लोंबत्या कानाची झालर जराशी हलते, मान अर्धी वळते आणि केसांच्या पडद्याआडून एक डोळा आपल्याला जोखतो. मग तो ठरवतो. बऱ्याचदा येतो, कधी येत नाही; आणि आला तरी त्या येण्यात ‘बोलावलंत म्हणून आलो’ असा भाव नसतो. ‘माझंही इकडे जरा काम होतंच’ असा असतो.

बुटका, केसाळ, मिशीदाढीवाला कुत्रा दिसला की लोकांचे हात आपोआप पुढे होतात. उचलावं, मांडीवर घ्यावं, गाल ओढावेत. ल्हासाच्या बाबतीत हे हात बहुतेक वेळा अर्ध्या वाटेत थबकतात, कारण समोरून एक पाऊल मागे घेतलं जातं. घाबरून नव्हे. ओळखपाळख नसताना ही सलगी कशासाठी, असं त्या पावलाचं म्हणणं असतं.

आमच्याकडे असा एक आहे. पिल्लू म्हणून आला तेव्हा नावावरून घरात बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी निकाल त्याच्या दाढीने लावला. बाबा म्हणाले, “हे तर बुवाच आहेत.” झालं. बाबा त्याला आजही अहो-जाहो करतात. “अहो बुवा, सरका थोडे, मला बसू द्या.” बुवा सरकतात, पण दुसऱ्यांदा विनंती झाल्यावर. मी त्याला अरे-तुरे करते आणि माझं तो तिसऱ्या हाकेला ऐकतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं बाबांचं ठाम मत आहे.

या स्वभावाचं मूळ शोधायचं तर तिबेटात जावं लागतं. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. बोचरी थंडी, कोरडा वारा, धूळ आणि विरळ हवेतलं डोळे दिपवणारं ऊन. तिथल्या मठांमध्ये आणि बड्या घरांमध्ये राखणीची विभागणी होती. दाराबाहेर साखळीला थोरला तिबेटी मॅस्टिफ. आतल्या दालनांत हा बुटका. बाहेरच्याचं काम अंगावर जायचं, आतल्याचं काम लक्ष ठेवायचं. परकं माणूस बाहेरच्याला चुकवून आत आलंच, तर मोठ्याने सांगायचं. पुढचं बघायला दुसरे आहेत.

या कामात हुकूम देणारा कुणी नसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मेंढ्या हाकणारा बॉर्डर कोली धनगराच्या शिट्टीकडे कान लावून असतो. त्याच्या पिढ्यान् पिढ्या माणसाच्या इशाऱ्यावर वळणाऱ्या कुत्र्यांतून निवडल्या गेल्या. आतल्या दालनात बसलेल्या राखणदाराला ‘आता भुंक’ म्हणून कोण सांगणार? सगळे झोपलेले असताना पावलांचा आवाज ओळखीचा की परका, हे त्यानेच ठरवायचं. चुकला तर फुकट झोपमोड, गप्प राहिला तर चोरी. अशा कामासाठी आज्ञाधारक कुत्रा उपयोगाचा नाही. स्वतःच्या मतावर विश्वास असलेला हवा. ल्हासाला लोक हट्टी म्हणतात. मला तो नोकरीच्या अटी तंतोतंत पाळणारा वाटतो, फक्त ती नोकरी आता उरलेली नाही आणि हे त्याला कुणी कळवलेलं नाही.

त्याच्या केसांनाही त्या हवेचाच संदर्भ आहे. ते मुलायम रेशमी दिसतात, पण जातीच्या प्रमाण वर्णनात ते सरळ, जड आणि राठ असावेत असं म्हटलंय. लोकरी नकोत आणि रेशमीही नकोत. आत दाट मऊ थर असतो. डोळ्यांवर येणारे केस ऊन-वारा-धूळ अडवतात असं मानलं जातं. उंची खांद्याशी जेमतेम २५ ते २८ सेंटिमीटर, वजन साधारण साडेपाच ते आठ किलो, आणि अंग उंचीपेक्षा लांब. एवढ्याशा देहाला ती दाढी आणि तो रुबाब शोभू नये, पण शोभतो.

मठ म्हटला की मागोमाग गोष्टी येतातच. निर्वाणाच्या वाटेवरचे लामा आधी या कुत्र्यांच्या जन्माला येत, अशी एक कथा जवळपास प्रत्येक ल्हासाप्रेमी सांगतो. बाबांना ती फार आवडते, बुवांच्या नावाला आधार मिळतो म्हणून. मला तिच्यात पाश्चात्त्य कुत्राशौकिनांच्या कल्पनाशक्तीचा वाटा जास्त दिसतो. पण हे कुत्रे बाजारात मांडले जात नसत, भेट म्हणून दिले जात, ही परंपरा मात्र त्यांच्या बाहेरच्या प्रवासातही दिसते. ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक बेली सिक्कीममध्ये पोलिटिकल ऑफिसर होते. तिबेटशी त्यांचा संबंध त्याच्याही आधीपासूनचा होता. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९२८ मध्ये आपले अप्सो इंग्लंडला नेले. अमेरिकेत या जातीचा पाया घातला गेला तो तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग या प्रवाशाला दिलेल्या जोडीतून. साल १९३३. त्याच वर्षाच्या अखेरीस तेरावे दलाई लामा निवर्तले.

पुढची गंमत अशी की या पाहुण्याला कोणत्या खोलीत उतरवावं हे पश्चिमेला नीट कळलंच नाही. १९३५ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली आणि टेरियर गटात टाकलं. टेरियर म्हणजे बिळात शिरून उंदीर-घुशी, कोल्हे हुसकणारे. ल्हासाचा बिळांशी काय संबंध? पुढे तिथून उचलून ‘नॉन-स्पोर्टिंग’ गटात ठेवलं, म्हणजे ज्यांचं काय करावं ते ठरत नाही त्यांच्यात. ब्रिटनमध्ये तो ‘युटिलिटी’ गटात आहे. जागतिक संघटना एफसीआय त्याला नवव्या गटात धरते, सोबतीच्या आणि छोट्या कुत्र्यांच्या, आणि तिथे तिबेटी जातींसाठी एक वेगळा विभागच आहे. एकच कुत्रा, एकीकडे उपयोगी, दुसरीकडे सोबती, तिसरीकडे नुसताच ‘शिकारी नव्हे’. स्वभावाच्या वर्णनात मात्र सगळ्यांचं एकमत होतं. अमेरिकन मानक म्हणतं, आनंदी आणि ठाम, पण परक्यांच्या बाबतीत सावध. ब्रिटिश मानक म्हणतं, सजग, स्थिर, पण अनोळखी माणसांपासून काहीसा अंतर राखून. बुवांना पाच मिनिटं बघणाराही हेच लिहील.

ही सावधगिरी प्रत्यक्षात कशी असते? नवा पाहुणा दारात आला की आधी भुंकणं. आवाज देहाच्या मानाने भलताच भारदस्त. दाराबाहेरच्याला वाटावं की आत काहीतरी मोठं आहे. दार उघडलं, घरातल्यांनी ‘या, या’ म्हटलं, की भुंकणं थांबतं आणि चौकशी सुरू होते. बूट हुंगले जातात, पिशवी हुंगली जाते. पाहुणा बसला की बुवा समोर, जरा लांब, बसतो आणि गृहकर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यासारखा त्याच्याकडे बघत राहतो. कागदपत्रं पुरी आहेत असं वाटलं तर अर्ध्या तासाने जवळ येऊन पाठ वळवून बसेल. पाठ वळवणं म्हणजे मंजुरी. काही जणांचे अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित आहेत, आणि त्यातले एक तर आमचे अगदी जवळचे नातेवाईक आहेत.

ज्यांना मंजुरी लवकर मिळते त्यांच्यात मला एकच समान गोष्ट दिसलीय: ते त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. वरून वाकून डोक्यावर हात ठेवणं, डोळ्यांत डोळे घालून बघणं, ‘शो श्वीट’ असं चिरक्या आवाजात म्हणणं, हे सगळं कुत्र्यांच्या भाषेत दांडगाईचं आहे. बुटक्या कुत्र्याला तर समोरचं प्रत्येक माणूस आधीच उंच. त्यात ते वाकलं की आभाळच खाली येतं. तिरकं बसावं, हात खाली सोडावा, गप्पा मारत राहाव्यात. ज्यांना कुत्रे आवडत नाहीत ती माणसं हेच नेमकं करतात आणि मग तक्रार करतात की हा माझ्याच मागे का लागतो.

भुंकण्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं ल्हासाशी भांडण होतं ते यावरूनच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. म्हणजे आपल्याला शांत वाटणारं घर त्याला शांत नसतं. लिफ्टची घरघर, वरच्या मजल्यावरची ओढलेली खुर्ची, जिन्यातली किल्ल्यांची किणकिण, यांची त्याच्याकडे नोंद असते. आमच्या मजल्यावर राहणाऱ्यांची पावलं त्याला पाठ आहेत. त्यांना तो मान उचलूनही बघत नाही. पण त्यांच्याच घरी कुणी नवीन आलं, की लिफ्टचं दार उघडायच्या आत इकडे वर्दी लागते.

‘गप्प बस’ असं ओरडून काही होत नाही. त्याच्या हिशेबी आपणही भुंकायला लागलो, म्हणजे प्रकरण गंभीर. यावर उपाय सापडला तो बाबांना, आणि तोही शिकवायचा म्हणून नव्हे. ते सवयीने उठतात, दाराच्या भिंगातून बघतात आणि म्हणतात, “बघितलं हो बुवा. कुणी नाही.” बुवा गप्प. वर्दी पोचली, वरिष्ठांनी दखल घेतली, काम संपलं. नंतर कळलं की प्रशिक्षकही भुंकणाऱ्या कुत्र्यांसाठी जवळपास हेच सांगतात: आवाजाची दखल घ्या, शांत झाला की शाबासकी द्या, हळूहळू एका शब्दावर थांबायची सवय लागते. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “यात शिकायचं काय आहे? कुणी काही सांगितलं तर ऐकल्याचं कळवावं.”

आता अकलेचा मुद्दा. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये आज्ञापालनाच्या स्पर्धांतल्या परीक्षकांची मतं गोळा करून जातींची क्रमवारी लावली. वर बॉर्डर कोली, पूडल; ल्हासा पार तळाकडे. ही यादी ‘सर्वांत हुशार कुत्रे’ या मथळ्याखाली फिरत असते आणि ल्हासा पाळणारे ती वाचून खिन्न होतात. पण त्या क्रमवारीत मोजलंय ते नवी आज्ञा किती लवकर शिकतो आणि पहिल्या सांगण्याला किती वेळा ऐकतो एवढंच. ज्याच्या पूर्वजांना कुणी सांगणारच नव्हतं, त्याला या परीक्षेत बसवायचं आणि मग नापास म्हणायचं, हे मला पटत नाही. बुवाला ‘बस’ कळतं. बसल्याने आज काय होणार आहे, हे कळेपर्यंत तो उभा राहतो, इतकंच. जोरजबरदस्ती केली, आवाज चढवला, की तो निघून जातो; खाऊ आणि गोड बोलणं असेल तर सौदा पटतो. एकच गोष्ट चार-पाच वेळा करून घेतली की पाचव्यांदा तो मुद्दाम काहीतरी वेगळं करतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो. याला विनोदबुद्धी म्हणावं की नाही हे तज्ज्ञांनी ठरवावं, आम्ही घरात म्हणतो.

हे वेगळेपण जुनं आहे. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ८५ जातींच्या जनुकीय तुलनेचा अभ्यास आला. त्यात युरोपात अलीकडे घडवलेल्या बहुसंख्य जातींपासून वेगळा, जुन्या वंशाचा एक गट निघाला. त्यात अकिता, बसेंजी, सायबेरियन हस्की असे रांगडे गडी होते, आणि त्यांच्याच पंगतीला शिह त्झू, पेकिंगीज आणि आपले ल्हासा. सोफ्यावर कूस बदलणाऱ्या बुवाकडे बघून त्याची बैठक हस्कीच्या शेजारी आहे यावर विश्वास बसत नाही. पण बाहेर थंडी पडली आणि आपण रजईत शिरलो की तो गार फरशीवर जाऊन पसरतो, तेव्हा बसतो.

मग हा सोबतीचा कुत्रा कशाच्या जोरावर म्हणायचा? मांडीवर तो क्वचित येतो, आला तर स्वतःच्या वेळेला. दिवसभर अंगाला अंग लावून बसणं त्याच्यात नाही. ते कॅव्हेलियर किंग चार्ल्स जातीच्या कुत्र्याने करावं, मांडी मिळाली की त्याचा दिवस साजरा होतो. ल्हासाची सोबत एका खोलीच्या अंतरावरची असते. आपण ज्या खोलीत, त्या खोलीत तो. पण त्याची जागा तो निवडणार, आणि ती बहुधा उंचावरची असणार. सोफ्याची पाठ, खिडकीची कडा, रचून ठेवलेल्या गाद्या. बाबा दुपारी आडवे झाले की बुवा त्यांच्या खोलीत नेमका अशा जागी बसतो जिथून बाबाही दिसतात आणि बाहेरचं दारही. आम्ही एकदा फर्निचरची जागा बदलली. दोन दिवस तो अस्वस्थ होता, मग त्याने अशी दुसरी जागा शोधून काढली. मी ती नंतर वाकून तपासली, तिथून दोन्ही दिसतं.

घरातलं कुणी रडलं, भांडलं, तर तो मध्ये पडत नाही. लांबून बघतो. सगळं निवलं की येऊन पायावर हनुवटी टेकवतो आणि पुन्हा उठून जातो. लाडिक कुत्र्यांची सवय असलेल्यांना हे कोरडं वाटेल. मला ते सभ्य वाटतं.

केस विंचरणं हा मात्र आमच्यातला जुना तंटा आहे. लांब केस ठेवायचे तर रोज कंगवा हवा, नाहीतर कानामागे, काखेत, पोटाखाली गाठी होतात. आणि वर्षाच्या आसपास पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे यायला लागतात तेव्हा तर सकाळी सोडवलेली गाठ संध्याकाळी परत. प्रदर्शनात जमिनीवर लोळणारी ती झूल बघून ज्यांनी ल्हासा आणायचं मनात घेतलं असेल त्यांनी एक महिना रोज अर्धा तास कुणाच्या तरी जटा सोडवून बघाव्यात. आम्ही केस आखूड ठेवतो. कुत्र्याचं काही बिघडत नाही. बिघडलं तर आपल्या हौसेचं. पण पिल्लूपणी पंजे धरणं, कान उघडून बघणं, दात बघणं याची सवय लावणं फार गरजेचं. साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं वय हे जगाशी ओळख करून घेण्याचं. त्या काळात वेगवेगळी माणसं, आवाज, स्पर्श भेटले नाहीत तर ल्हासाच्या उपजत सावधपणाचा संशय व्हायला वेळ लागत नाही. पिल्लू मिळेपर्यंत या काळाचा मोठा भाग गेलेला असतो, म्हणून ज्याच्याकडून आणायचं त्याच्या घरी ते कसं वाढलंय हे आधी बघावं. आणि मोठं होण्याची घाईही करू नये. ही जात मनाने उशिरा पिकते; तीन वर्षांचा होईस्तोवर त्याच्यात शाळा बुडवणारा पोरगा दिसत राहतो.

छोट्या कुत्र्याचं गुरगुरणं लोक हसण्यावारी नेतात. जर्मन शेफर्ड गुरगुरला तर माणूस चार पावलं मागे सरेल; ल्हासा गुरगुरला तर मोबाइल काढून चित्रण करेल. ऑस्ट्रियात कुत्रे पाळणाऱ्यांची एक पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत असतात, त्यांच्याबरोबर खेळणं-शिकवणं कमी करतात, आणि त्या कुत्र्यांमध्ये चिडकेपणा नि भित्रेपणा जास्त आढळतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘छोटे कुत्रे खवीस असतात’ या म्हणण्यातला बराचसा खवीसपणा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. ल्हासा गुरगुरतो ते सांगण्यासाठी. ऐकलं नाही, वर त्या गुरगुरण्याची चेष्टा केली, तर तो पुढच्या वेळी सांगायचं सोडून देतो आणि थेट दात लावतो. घरात रांगतं मूल असेल तर म्हणूनच दुसरी जात बघावी असं मी कुणालाही सांगेन. शेपटीला लटकणारं पोर लॅब्रॅडॉर सोसून घेतो. ल्हासाच्या स्वभावात सोसणं नाही.

आणि एरवी शांत असलेला अचानक चिडका झाला, तर स्वभावाला दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. डोळे कोरडे पडणं, गुडघ्याची वाटी सरकणं, लांब पाठीच्या मणक्याचं दुखणं, मूत्रपिंडाचे आनुवंशिक विकार, वयाबरोबर जाणारी दृष्टी, हे या जातीत दिसतं. बारा ते पंधरा वर्षं जगणारा कुत्रा आहे. डोळ्यांवर केस असल्याने दिसेनासं झालेलं लवकर लक्षातही येत नाही.

इतकं सगळं ‘ल्हासा असा असतो, ल्हासा तसा असतो’ म्हणून लिहिल्यावर २०२२ चा एक अभ्यास सांगणं भाग आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं निघालं. बाकी सगळं त्या त्या कुत्र्याचं, त्याच्या घराचं, त्याच्या आयुष्याचं. जातीचा ठसा त्यातल्या त्यात जास्त उमटला तो माणसाचं ऐकण्याच्या गुणात. हे वाचून मला बरं वाटलं, बुवाची तिसऱ्या हाकेची सवय निदान शास्त्राला धरून आहे.

उरलेल्या ९१ टक्क्यांचा नमुना माझ्या मावसबहिणीकडे आहे. तीही ल्हासाच, दाढी-मिशी सगळं यथासांग. दार वाजलं की भुंकत नाही, शेपूट हलवत सामोरी जाते. गॅस सिलिंडरवाला, मीटर बघणारा, चुकून आलेला कुरियरवाला, सगळ्यांपुढे पोट वर करून लोळते. मावसबहीण म्हणते, “चोर आला तर ही त्याला कपाटापर्यंत सोडायला जाईल.” त्या दोघांची भेट झाली तेव्हा तिने बुवाला चाटून चाटून हैराण केलं. तो सोफ्याच्या पाठीवर चढून बसला आणि बाबांकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, “माझ्याकडे काय बघता? तुमच्याच घराण्यातली आहे.”